न्यूट्रॉनविरहित हेलियम

हेलियमची ओळख त्याच्या अणुगर्भातील दोन प्रोटॉनांवरून पटते. न्यूट्रॉनांची संख्या बदलली तरी मूलद्रव्य तेच राहते. निसर्गातील हेलियम जवळजवळ सर्व दोन न्यूट्रॉनांचा, म्हणजे हेलियम-४ असतो. एका न्यूट्रॉनाचा हेलियम-३ अत्यल्प. मग एकही न्यूट्रॉन नसलेला हेलियम-२ का नसावा, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. असा टिकाऊ अणुगर्भ आजवर आढळलेला नाही.

समान विद्युतभार परस्परांस दूर लोटतात, एवढे सांगून शिक्षकाने थांबू नये. न्यूट्रॉनांवर विद्युतभार नसतो, तरीही दोन न्यूट्रॉन एकमेकांस बांधून राहत नाहीत. मुख्य कारण अणुगर्भीय बलाच्या स्वरूपात आहे. दोन कणांचे परिवलन एकाच दिशेचे असेल तर हे आकर्षण अधिक प्रबळ ठरते. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या जोडीस ते साधते आणि जड हायड्रोजनचा अणुगर्भ बनतो. तोही जेमतेम जुळलेला, कारण त्याची बंधनऊर्जा अवघी २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. दोन एकसारख्या कणांना मात्र, पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वानुसार, सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत एकाच दिशेच्या परिवलनाची मुभा नाही. विरुद्ध परिवलनातील आकर्षण थोडक्यात कमी पडते.

या उणिवेचा सूर्याशी निकटचा संबंध आहे. सूर्यगर्भात सुमारे दीड कोटी अंश तापमानात एकत्र आलेले दोन प्रोटॉन बहुधा तत्क्षणी विलग होतात. त्या निमिषात एकाचे न्यूट्रॉनात रूपांतर झाले तरच जड हायड्रोजन तयार होतो. बेथे व क्रिचफील्ड यांनी १९३८ मध्ये विशद केलेली ही घटना इतकी विरळ आहे की, सूर्यगर्भातील प्रोटॉनास आपली पाळी येण्यास सरासरी शेकडो कोटी वर्षे लागतात.

हेलियम-२ टिकाऊ असता तर विश्वारंभीच सर्व हायड्रोजन संपला असता, असे डायसन यांनी १९७१ मध्ये मांडले होते. हे विधान अजूनही पुष्कळदा उद्धृत होते. तथापि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितांनुसार बराच हायड्रोजन शिल्लक राहिला असता. तारे मात्र आजच्यापेक्षा कमी तापमानावर पेटले असते.

हा वायू हायड्रोजनाइतका हलका आणि तरीही न पेटणारा, म्हणून फुग्यांसाठी आदर्श ठरला असता. पण तेही फार काळ नव्हे. त्याचे अणुगर्भ जड हायड्रोजनात बदलत गेले असते आणि फुगा ज्वालाग्राही झाला असता!

उत्तेजित निऑन-१८ मधून दोन प्रोटॉन जोडीने बाहेर पडतात, याचा पुरावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर येताच ती जोडी फुटते.