झाकलेले ओरखडे

गाडीचा रंग रात्रीच्या दिव्यात पाहून पसंत करू नये. पाहिलाच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी परत जावं, गाडी उन्हात काढायला सांगावी आणि सूर्य बॉनेटमध्ये दिसेल असं उभं राहावं. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल तर एवढा उपद्व्याप नक्की करावा.

जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून मी काळी सेडान घेतली, तेव्हा इंजिन, टायर, सर्व्हिसचे कागद, विमा, सगळं जाणत्या माणसाकडून तपासून घेतलं होतं. त्यात खोट निघाली नाही, अजूनही नाही. रंगाबद्दल कोणी काही विचारलं नाही, कारण रंग तर समोर दिसतच होता. दुकानाची पाटी बॉनेटमध्ये उलटी वाचता येत होती. "मॅडम, शोरूम कंडिशन," असं विक्रेता म्हणाला आणि त्या क्षणी ते खोटंही वाटलं नाही.

पुढे घरी शाम्पूने धुणं सुरू झालं आणि दर धुण्यागणिक ती चकाकी थोडीथोडी उतरत गेली. मग एका दुपारी पेट्रोल पंपावर रांगेत उभी असताना बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसाएवढ्या बारीक गोल रेघांचं जाळं दिसलं. मी मान हलवली की जाळंही सरकायचं. दारांवर तेच, डिकीवर तेच. आमच्या सोसायटीमागे डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी बोट फिरवलं, मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे ओरखडे आत्ताचे नाहीत. वर ग्लेझ मारलं होतं, ते धुऊन गेलं. आता गाडी जशी आहे तशी दिसतेय."

ग्लेझ म्हणजे तेलं आणि अतिशय बारीक पूड यांचं पांढरट मिश्रण. पूड बऱ्याचदा केओलिनसारख्या मऊ मातीची असते. ते ओरखडा काढत नाही, भरतं. ओरखड्याच्या धारांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरट दिसतो. खाच तेलाने भरली की विखुरणं कमी होतं आणि खालचा रंग पुन्हा गडद होतो. उन्हाळाभर करडा पडलेला सह्याद्रीचा कातळ पहिल्या सरीत काळाभोर दिसतो, त्यामागचं कारणही हेच. आणि कातळ सुकतो तसं ग्लेझही काही धुण्यांत निघून जातं. ऊन, पाणी, पक्ष्यांची विष्ठा यांपासून रंग वाचवणं हे त्याचं कामच नाही.

म्हणून ग्लेझ वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. व्हिंटेज रॅलीत उतरणाऱ्या जुन्या गाड्यांवर एकाच थराचा रंग असतो, वर पारदर्शक क्लिअर कोट नसतो. अशा गाडीला पॉलिश लावलं की फडक्यावर गाडीचाच रंग येतो. तो मूळ रंग घासून संपवण्यापेक्षा खाचा भरून मिरवणं शहाणपणाचं. घरच्या लग्नात गाडी दारात उभी करायची असेल, तरी ग्लेझ लावावं आणि वर मेण चढवून ते थोडे दिवस टिकवावं. गिऱ्हाइकाला न सांगता लावलं की मात्र त्याला लबाडी म्हणायचं.

जुनी गाडी घेताना रंग उघडा करून पाहण्याचा उपाय सोपा आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन बॉनेटच्या एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबरने हलकेच फिरवायचं. तेल आणि मेण निघतं, खरा रंग दिसतो. विक्रेता कुरकुरला तर तेवढ्यानेच बरंच कळतं. सोबत रंगाची जाडी मोजणारं मीटर असेल तर उत्तम. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. एकाच दारावर आकडा दुप्पट आला, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे असं समजावं आणि का रंगवलं ते विचारावं.

या १००-१५० मायक्रॉनमधला क्लिअर कोट असतो जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केसही साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. 'रबिंग-पॉलिश' नावाचं जे काम गॅरेजवाले आग्रहाने गळ्यात मारतात, ते याच पातळ थरातून काही मायक्रॉन कापून काढतं. ओरखडा खरोखर जातो तो एवढ्यानेच, म्हणजे त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणून. दर तीन-चार महिन्यांनी रबिंग करून घेणारे लोक पैसे देऊन आपल्याच गाडीचं कवच घासून घेतात. आमचे मिस्त्री याबाबतीत सरळ निघाले. "सगळं काढायचं म्हणाल तर काढून देईन," ते म्हणाले, "पण मग पुढच्या वेळी काढायला काही उरणार नाही." शेवटी बारीक पॉलिशचा एकच हात झाला. वरवरचं जाळं बरंचसं गेलं, खोल रेघा राहिल्या. त्या राहू दिल्या आहेत.

त्यानंतर आलं कार्नोबा. हे मेण ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात, सेआरा आणि पिआउई या राज्यांमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं. उष्ण वाऱ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःसाठी ते तयार करतं. पानं तोडून वाळवतात, झोडपून पूड पाडतात, ती वितळवून गाळतात. १९३५ साली एच. एफ. जॉन्सन हे अमेरिकी पॉलिश-कारखानदार हा कच्चा माल पुढेही मिळत राहील का, हे पाहायला पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानाने विस्कॉन्सिनहून थेट तिथवर गेले होते. निसर्गातल्या मेणांमध्ये हे सगळ्यांत कठीण मानलं जातं. ते वितळतं ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही तेच असतं, पाकिटावर ९०३ असा आकडा दिसेल.

शुद्ध कार्नोबाचा गोळा गाडीवर लावून पाहिला तर काहीच लागणार नाही, इतका तो टणक आणि ठिसूळ. डबीतल्या मेणात म्हणूनच द्रावक, तेलं, कधी मधमाश्यांचं मेण मिसळलेलं असतं. डबीवरच्या '१०० टक्के कार्नोबा' या शब्दांचा अर्थ फार तर एवढाच, की आत जे कार्नोबा आहे ते शुद्ध आहे. सगळी डबीच कार्नोबाची आहे असा नव्हे. किंमत बघून भुलू नये. मधल्या भावाचं मेण नीट लावलं तर महागड्याच्या तोडीस तोड दिसतं, असं माझं मत आहे आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

पांढऱ्या गाडीवर कार्नोबाची खोल, ओलसर झाक फारशी कळत नाही. तिथे जास्त टिकणारं कृत्रिम सीलंट घ्यावं. मॅट रंगावर किंवा मॅट रॅपवर मेण अजिबात लावू नये, डाग पडल्यासारखे चकचकीत पट्टे उठतात. आणि अपघातानंतर गाडी नव्याने रंगवली असेल तर पेंटर सांगेल तितके दिवस, साधारण एक ते तीन महिने, मेण लांब ठेवावं, कारण ताज्या रंगातली द्रावकं अजून बाहेर पडत असतात.

लावायची रीत अवघड नाही, धीर लागतो. गाडी धुवावी. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पृष्ठभागावर बोटं फिरवावीत. खरखरीत लागलं तर क्ले बारने तो चिकटलेला मळ काढावा. पॉलिश करायचं तर त्यानंतर, मग हवं तर ग्लेझ, आणि सगळ्यात शेवटी मेण. मेणाच्या वर ग्लेझ लावण्यात अर्थ नाही, ते रंगापर्यंत पोचतच नाही. काम सावलीत, बॉनेट हाताला थंड लागत असताना. थर इतका पातळ हवा की जेमतेम धुकट दिसावा. बोट ओढल्यावर खाली स्वच्छ रंग दिसला की पुसून काढायचं. जाड थराने चकाकी वाढत नाही, फक्त पुसताना खांदे भरून येतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर तिथे बसलेला पांढरा डाग ब्रशने घासत बसावं लागतं.

टिकतं किती? काही आठवडे, फार तर दोनेक महिने. मुंबई-कोकणातल्या पावसात त्याहून कमी. पाण्याचे गोल थेंब उठायचे थांबून ते पसरू लागले की मेण गेलं. बोअरच्या पाण्याने धुणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हे गोल थेंब उन्हात सुकले तर क्षारांचे गोल डाग मागे ठेवतात, तेव्हा धुतलेली गाडी लगेच टिपून घ्यावी.

पण ते गोल जाळं मुळात येतं कुठून? आपल्याच पार्किंगमधून. पहाटे एक बादली पाणी आणि एक फडकं घेऊन दहा-बारा गाड्या पुसल्या जातात, आणि पहिल्या गाडीची धूळ बाराव्या गाडीवर घासली जाते. यात पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांत दुसरी बादली बसत नाही. आमची गाडी पुसणाऱ्या मामांना मी दोन मायक्रोफायबर कापडं आणि दोन बादल्या आणून दिल्या, पैसे वाढवले आणि रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा धुवा, असं सांगितलं. सुरुवातीला त्यांना वाटलं मी काम कमी करून पैसे कापणार. आता ते शेजारच्या काळ्या गाडीच्या मालकालाही हाच हिशेब ऐकवतात. कोरड्या धुळीवर फडकं किंवा झटकणी तेवढी कोणी मारू नये, घाईत असाल तरी.

वर्षातून एकदाच मेण लावणार असाल तर ते पाऊस सरल्यावर लावा. लगेच दसरा येतो आणि गाडीची पूजा होते. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक रंगावर सुकलं की डाग राहू शकतो, झेंडूच्या माळेतली तार तर हमखास ओरखडा काढते. आम्ही स्वस्तिक काचेवर काढतो आणि माळ दोऱ्यात ओवून ग्रिलला बांधतो. सासूबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "काच काय गाडीची नाही?"