भिंतीची ओल आणि गृहस्थाचा यत्नाचार

दीपावली जवळ आली की घरोघरी केरसुण्या, कुंचे व चुन्याच्या बादल्या बाहेर निघतात. वर्षाची स्वच्छता एकदाच उरकण्याची ही चाल जुनी आहे. परंतु आमच्या हैदराबाद शहरी ती अपुरी पडते, असे आमचे नम्र मत आहे. मुसी नदीचा महापूर आला तो २८ सप्टेंबर १९०८ रोजी. पुढे २०२० साली १३ ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने अनेक वस्त्या जलमय झाल्या आणि दीपावली होती १४ नोव्हेंबरला. पाण्यात उभी राहिलेली जाड भिंत महिन्याभरात आतून वाळत नाही. तिच्यावर घाईने रंग चढविला की पोपडे सुटतात आणि आत कोंडलेल्या ओलीवर बुरशी पुन्हा धरते.

प्रथम मळ ओळखावा. स्वयंपाकघराच्या छतास चिकटते ती धूर व तेलाची वाफ मिळून झालेली काजळी. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी सुटते तो लोणा. ओलीबरोबर वर चढून सुकलेले ते क्षार होत. काळे-हिरवट ठिपके पडून कुबट वास येतो ती बुरशी.

तैलरंग दिलेल्या भिंतीवरील काजळी कोमट पाण्यात साबण व थोडा धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसावी. पुसणे खालून वर करावे. वरून आरंभ केल्यास मळकट ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग पाडतात. लोणा मात्र कोरडाच झाडावा; पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

बुरशीपाशी आपणा जैनांस थांबून विचार करणे प्राप्त होते. कल्पसूत्रात सांगितलेल्या आठ सूक्ष्मांमध्ये 'पनक' म्हणजे हीच बुरशी गणली असून तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा व पांढरा असे पाच वर्ण दिले आहेत. मग ती खरवडावी तर हिंसा, आणि राहू द्यावी तर रोज नवी उत्पत्ती! आमच्या समजुतीप्रमाणे दोष खरवडण्याच्या दिवशी लागत नाही. ज्या दिवशी ओल दिसूनही आपण स्वस्थ बसलो, त्या दिवशीच तो लागतो.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. एके वर्षी कोठाराच्या मागील भिंतीवर ओलीचा हातभर पट्टा दिसला. पाऊस उघडल्यावर पाहू, असे म्हणून आम्ही थप्प्या भिंतीला टेकूनच राहू दिल्या. दीपावलीपूर्वी पोती हलविली तो मागची रांग काळी पडलेली. ते धान्य ना विकण्याजोगे, ना गुरांस घालण्याजोगे. कारण काही बुरशींचे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. गव्हात शेकडा १२ हून अधिक ओलावा नसावा म्हणून दाणा दाताखाली धरून पाहणारे आम्ही, भिंतीला कधी हात लावून पाहिला नव्हता!

म्हणून गृहस्थाने ज्येष्ठ महिन्यातच, चातुर्मासापूर्वी, गच्चीच्या भेगा बुजवाव्या, पन्हळी मोकळ्या कराव्या व गळके नळ दुरुस्त करावे. कपाटे व पोती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. जे भिजेल ते एक-दोन दिवसांत वाळवावे. जुन्या चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा. तो ओल बाहेर जाऊ देतो आणि ताजा असता त्याच्या तीव्र क्षारतेमुळे बुरशी सहसा धरत नाही.

एवढे करूनही बुरशी आलीच, तर आधी ओलीचे मूळ बंद करावे. नंतर नाकातोंडास फडके बांधून, खिडक्या उघडून ती ओल्या फडक्याने अलगद टिपावी. कोरडी झाडल्यास तिचे कण घरभर उडतात. दमेकऱ्यांस दूर ठेवावे. ब्लीचिंग पावडरीत आम्ल किंवा अमोनिया कदापि मिसळू नये. विषारी वायू निघतो.

दीपावलीस भिंतीवरून केवळ धूळ व जळमटे काढावयाची उरली, तर वर्षभर यत्नाचार पाळला गेला असे समजावे. इत्यलम्.