पाच हजारांत शांत कॅबिनेट

आधी एक कबुली. माझे शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे माझ्या वेलांट्या वाटेल तिथे बसतात. संपादक मंडळाने त्या जागेवर आणल्या असतील अशी आशा आहे. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे. कॉम्प्युटरचे कॅबिनेट, म्हणजे तो पत्र्याचा डबा, ज्याचा विचार आपण सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात करतो.

आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे रिक्षाच्या बॉडीवरून वाहणाऱ्या हवेचा सीएफडी अभ्यास. एकेक रन तीस-चाळीस तास चालतो आणि कॉलेजच्या लॅबला सहा वाजता कुलूप. म्हणून आम्ही चौघींनी एका ऑफिसमधून भंगारात निघालेला दोन प्रोसेसरचा जुना वर्कस्टेशन बोर्ड घेतला आणि तो माझ्या रूमवर आला. कॅबिनेट नव्हतेच. प्लायवूडच्या फळीवर बोर्ड, प्रोसेसरवर पंखा नसलेले सर्व्हरचे हीटसिंक, त्यांच्यासमोर ८० मिलिमीटरचे दोन पंखे ३००० आरपीएमवर, आणि ही सगळी वरात हॉस्टेलच्या लोखंडी टेबलावर. कॉरिडॉरमधून ऐकणाऱ्याला वाटायचं, आत कोणीतरी मिक्सर लावून विसरून गेलंय.

माझी रूमपार्टनर सिव्हिलची. तिच्या एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या दोन रात्री आमचा रन चालू होता. तिने एकदाच विचारलं, "अगं, रात्रीपुरतं बंद नाही का करता येणार?" मी म्हटलं, "बावीस तास झालेत, आता बंद केलं तर पहिल्यापासून." ते खरंही होतं आणि नव्हतंही. रन मध्येमध्ये सेव्ह करून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. ती सेटिंग करायचा मी आळस केला होता, आणि हे तिला सांगितलं नाही. ती उशी घेऊन कॉमन रूममध्ये झोपायला गेली. एम-थ्रीला तिची केटी लागली. ती माझ्यामुळे लागली असं ती कधीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर रेक्टर मॅडम आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. आवाज गेला पाहिजे, नाहीतर मशीन घरी गेलं पाहिजे." वाढदिवसाला मामांनी दिलेले २००० आणि आम्हा चौघींचे प्रत्येकी ७५०, असे एकूण ५००० रुपये जमले.

आता पहिला प्रश्न, फुल टॉवरच का? खरे तर फुल टॉवरची अशी कोणती सरकारी व्याख्या नाही. साधारण ५५ सेंटिमीटरच्या वर उंची असलेल्या कॅबिनेटला दुकानदार फुल टॉवर म्हणतात. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा असतो, त्याला मिड टॉवर भरपूर होतो, आणि मिड टॉवर स्वस्तही पडतो. आतली रिकामी जागा स्वतःहून आवाज कमी करत नाही. पण आमचा बोर्ड ई-एटीएक्स, म्हणजे ३०५ बाय ३३० मिमी. शिवाय दोन हार्ड डिस्क. आमच्याकडे पर्याय नव्हता. तुमच्याकडे असेल तर उगाच मोठा डबा घेऊ नका, हॉस्टेलच्या खोलीत तो ठेवणार कुठे?

आता आवाजाकडे येऊ. फ्लुइड मशिनरीच्या पेपरसाठी आपण सिमिलॅरिटीचे नियम पाठ करतो आणि पेपर संपला की विसरतो. ते इथे जसेच्या तसे लागू पडतात. पंख्याची हवा आरपीएम गुणिले व्यासाचा घन या प्रमाणात बदलते. ८० च्या जागी १४० मिमीचा पंखा लावला तर व्यास १.७५ पट होतो, त्याचा घन सुमारे ५.४. म्हणजे ८० मिमीचा पंखा ३००० आरपीएमवर जेवढी हवा देतो, तेवढी त्याच धाटणीचा १४० मिमीचा पंखा फक्त ५६० आरपीएमवर देईल! आवाजाचा ढोबळ नियम असा की आरपीएमचा लॉगॅरिदम ५० ने गुणायचा आणि व्यासाचा ७० ने. हिशोब केला तर आवाज १९ डेसिबलने खाली येतो. दर १० डेसिबलला कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते लक्षात घ्या. हे गणित मेसमध्ये पेपर नॅपकिनवर केलं तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

पण याच नियमात एक खोच आहे. पंख्याचे प्रेशर आरपीएमच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्याच उदाहरणात प्रेशर उरते जेमतेम एक दशांश. म्हणजे मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा भरपूर देतो, पण त्याच्या अंगात जोर नसतो. समोर जाड फिल्टर, बंद दार, बारीक भोकांचा पत्रा आला की तो तिथेच मान टाकतो. तेव्हा पंखा मोठा घ्यायचा असेल तर हवेची वाट मोकळी हवी. कॅबिनेट निवडताना मी पुढे जे जे केलं ते सगळं या एका वाक्यातून निघालं.

बाजारात ज्याला सायलेंट कॅबिनेट म्हणतात त्यात बहुधा समोर बंद दार असते आणि आतून फोम किंवा डांबराचे अस्तर. ही कल्पना वाईट नाही. २००५ मध्ये अँटेकचे पी-१८० आले, ते कॅनडातले शांत कॉम्प्युटरचे अभ्यासक माइक चिन यांच्या सल्ल्याने बनवलेले होते. त्याच्या बाजूच्या भिंती तीन थरांच्या आणि पॉवर सप्लाय खाली वेगळ्या कप्प्यात. पुढे स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने डिफाइन मालिकेत अस्तराची हीच वाट धरली. पण युरोपात खोली २०-२२ डिग्री असते, आपली मे महिन्यात ३४. आत येणारी हवाच तापलेली, त्यामुळे हवा जास्त लागते, आणि बंद दार नेमकं तिथेच आडवं येतं. आमच्या वरच्या मजल्यावर एका सिनिअरकडे असे अस्तरवाले कॅबिनेट आहे. तिच्या परवानगीने एक प्रयोग केला. दार बंद ठेवून गेम चालवला, वीस मिनिटांत ग्राफिक्स कार्ड ८३ डिग्रीवर आणि त्याचे पंखे किंचाळायला लागले. दार उघडले, दहा मिनिटांत ७५ वर आले, आणि दार उघडे असूनही मशीन आधीपेक्षा शांत! सिनिअरचा चेहरा बघण्यासारखा होता. बिचारीने त्या दाराचे जास्तीचे पैसे मोजले होते.

हवा किती लागते हेही काढता येते. इलेक्ट्रिकल लॅबच्या वॉटमीटरवर आमचे मशीन ३५० वॅट घेते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. हवा आत येऊन बाहेर पडेपर्यंत १० डिग्रीच तापावी असे ठरवले, तर सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा लागते. म्हणजे आपल्या आंघोळीच्या बादल्यांच्या हिशोबात, दर सेकंदाला दीड बादली. पंख्यांच्या भाषेत साधारण ६४ सीएफएम. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि जाळीमागे तो बराच कमी होतो, कधी कधी निम्म्यावर येतो. म्हणून मी १४० मिमीचे तीन पंखे धरले, दोन समोरून आत, एक मागून बाहेर.

नवीन फुल टॉवर आमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे सेकंडहँड. एका शनिवारी मामांना घेऊन ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. जाताना पुठ्ठ्याचा ३०५ बाय ३३० चा तुकडा कापून, त्यावर बोर्डाची भोकं मारून नेला. दुकानदार हसले, पण या तुकड्याने मला वाचवलं. "ताई, ई-एटीएक्स आरामात बसेल" म्हणून दाखवलेल्या दोन कॅबिनेटमध्ये पुठ्ठा हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर आदळला. तुम्हीही न्या. आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी, कूलरची उंची चिठ्ठीवर लिहून न्या.

दुसरी परीक्षा बोटाच्या पेराने. माठ घेताना आपण वाजवून बघतो आणि खणखणीत वाजला तर घेतो. इथे उलटं. बाजूच्या पत्र्याच्या मधोमध टकटक करा. टण्ण वाजला तर सोडा, ठप्प वाजला तर बघा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, जुन्या भारी डब्यांचा ०.८ किंवा १. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ०.५ वरून ०.८ वर गेलात की चौपट. उचलून बघितलं तरी कळतं. मामा म्हणाले, "अगं, भंगारवाल्यासारखं वजनावर काय घेतेस?" मी म्हटलं, मामा, अगदी तेच करतेय. काचेच्या पॅनेलवाल्यांकडे मी बघितलंच नाही. समोरून काच असली की हवा कडेच्या फटीतून येते, आणि दिव्यांचे पैसे आपण देतो.

नावं विचारणाऱ्यांसाठी एक सांगते. फॅनटेक्सचे एन्थू प्रो २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे १०० डॉलरला निघाले होते, समोर २०० मिमीचा पंखा असलेला फुल टॉवर. सेकंडहँडमध्ये दिसला तर जरूर बघा. मला दिसला नाही. मला मिळाला एका बंद पडलेल्या एडिटिंग स्टुडिओतला बिनानावाचा काळा डबा, उंची ५८ सेंटिमीटर, समोर पूर्ण जाळी, पत्रा ठप्प, पुढच्या पॅनेलला एक पाय तुटलेला. ३४०० वरून सुरुवात झाली, तुटक्या पायाच्या कृपेने २८०० ला तुटला. लोकलच्या लगेज डब्यात मासळीच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी बसून तो हॉस्टेलवर आला.

त्यानंतरची कामं वर्कशॉपमध्ये. पंख्यामागे पत्र्यातच मारलेल्या भोकांची जी जाळी होती, ती निम्मी हवा अडवते आणि वर शिट्टी वाजवते. फिटिंग शॉपच्या सरांनी पत्र्याची कात्री दिली, कडा कानशीने घासल्या, आणि बोट जाऊ नये म्हणून तारेची साधी जाळी लावली. (सरांनी हा जॉब जर्नलमध्ये धरायला नकार दिला. असो.) समोर फिल्टर म्हणून मच्छरदाणीचं कापड. बाजूच्या दोन पत्र्यांना मधोमध गाडीच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट, पूर्ण नाही, निम्मी पुरते. छतगळतीची डांबरी पट्टी मात्र लावू नका, गरम झाली की वास सुटतो. समोरच्या पंख्यांपासून हीटसिंकपर्यंत जाड ड्रॉइंग शीटचा बोगदा केला, त्यामुळे ८० मिमीचे पंखे काढून टाकता आले. हार्ड डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे १२० हर्ट्झची घुमघुम. ती स्क्रूने न बसवता शिंप्याच्या दुकानातल्या रुंद इलॅस्टिकवर आडवी टांगली. अशी टांगल्यावर मशीन हलवायचं नाही, हे लक्षात ठेवा. आणि डब्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

फोनवरचं आवाज मोजायचं ॲप काही खरं मीटर नव्हे, पण फोन तोच, जागा तीच (पार्टनरची उशी), वेळ रात्री दोनची, सिलिंग फॅन बंद, एवढं पाळलं तर फरक तरी कळतो. सुरुवातीला ५१. जुनी फळी लोखंडी टेबलावरून उचलून जमिनीवर चटईवर ठेवली, एवढ्यानेच ४७! म्हणजे चार डेसिबल तर टेबलच वाजत होतं, आणि हे एका पैशाचा खर्च न करता नोव्हेंबरमध्येच करता आलं असतं. नवीन कॅबिनेट, पंखे ८५० आरपीएमवर, ४०. डिस्क टांगून आणि शीट लावून ३८. कागदावरचे १९ मिळाले नाहीत, कारण मला ५६० वर थांबता आलं नाही, ८५० लागले.

सिलिंग फॅन चालू असला की ३८ चा आवाज त्यात बुडून जातो. तेव्हा आपल्याला युरोपातल्यासारखं अतिशांत मशीन लागतच नाही. त्रास होतो तो एकसुरी आवाजाचा. नऊ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमवर १८० हर्ट्झचा एक सूर धरतो, तो फॅनच्या घरघरीतूनही कानात शिरतो. हळू पंख्यात तो सूर खाली जातो आणि मऊ होतो. पॉवर सप्लायची बारीक चिरचिर अजून आहे, डिसेंबरच्या पहाटे फॅन एकवर असला की ऐकू येते. तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही, नवीन सप्लाय एवढाच, आणि तेवढे पैसे नाहीत.

हिशोब: कॅबिनेट २८००, पंखे १५००, शीट ३००, इलॅस्टिक, जाळी वगैरे ९०, मामांचा-माझा प्रवास आणि रिक्षा २५०. उरले ६०, त्याची मामांनी भजी खाल्ली.

रेक्टर मॅडम सोळाव्या दिवशी आल्या, दारात उभ्या राहून विचारलं, "पाठवलंत का घरी?" मशीन चालू होतं. पार्टनरला मी सेव्हच्या सेटिंगचं खरं काय ते सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही. आता रन दर दोन तासांनी सेव्ह होतो, तिच्या पेपरच्या आदल्या रात्री मशीन बंद असतं, आणि दर दुसऱ्या रविवारी मच्छरदाणीचं कापड धुवायची पाळी माझीच असते. केटीचा पेपर तिने दिलाय, निकाल यायचा आहे. डॅम्पिंग शीटचे दोन तुकडे उरलेत, कोणाला हवे असल्यास रूमवर येऊन घेऊन जावे. पुठ्ठाही आहे.