मोबाइलमधील अ‍ॅपची राखीव प्रत आणि पुनःस्थापना

मोबाइल फोन हरवला, पाण्यात पडला किंवा जुना झाला, तर नवा फोन बाजारात मिळतो; परंतु जुन्या फोनमध्ये साठलेले सर्व काही त्याबरोबर मिळत नाही. नव्या फोनवर तीच अ‍ॅप पुन्हा घेतली, की पडद्यावरील चिन्हे पूर्वीसारखी दिसू लागतात आणि काहीच गमावलेले नाही असा समज होतो. अ‍ॅप उघडल्यावर मात्र कित्येकदा ते रिकामे आढळते. असे का घडते हे समजण्यासाठी प्रथम अ‍ॅपची रचना पाहिली पाहिजे.

अ‍ॅपचे तीन भाग

कोणत्याही अ‍ॅपचे तीन भाग कल्पिता येतात. पहिला भाग म्हणजे आज्ञावली. ती ते अ‍ॅप वापरणाऱ्या सर्वांकडे सारखीच असते. दुसरा भाग म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः निर्माण केलेली माहिती: टिपणे, हिशेब, संदेश इत्यादी. तिसरा भाग म्हणजे ओळख, म्हणजेच पासवर्ड आणि गुप्त संकेत. दुकानदाराच्या व्यवहाराशी तुलना केली, तर आज्ञावली ही कोरी खातेवही होय, माहिती हा तीत लिहिलेला जमाखर्च होय, आणि ओळख ही वही ठेवलेल्या तिजोरीची किल्ली होय. कोरी वही पेठेत केव्हाही मिळते. लिहिलेल्या जमाखर्चाची नक्कल आधी करून ठेवली असेल तरच तो परत मिळतो. या नकलेलाच राखीव प्रत किंवा बॅकअप असे म्हणतात.

अँड्रॉइडची पद्धत

अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ साली विक्रीस आला. तिच्यातील अ‍ॅपची आज्ञावली ‘एपीके’ नावाच्या फाइलमध्ये बांधलेली असते. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून अ‍ॅपमधील माहितीची प्रत आपोआप गूगलच्या खात्यात ठेवण्याची सोय झाली. फोन वापरात नसताना, चार्जिंग चालू असताना आणि वाय-फाय उपलब्ध असताना हे काम साधारणतः दिवसातून एकदा होते. पुढे तेच अ‍ॅप पुन्हा स्थापन केले, की ते प्रथम उघडण्यापूर्वीच जुनी माहिती त्यात भरली जाते.

तथापि या सोयीला मर्यादा आहेत. प्रत्येक अ‍ॅपसाठी केवळ २५ मेगाबाइटपर्यंतच माहिती या मार्गाने साठवली जाते. शिवाय अ‍ॅप तयार करणाऱ्याने ही सोय बंद ठेवली असेल, तर काहीच साठवले जात नाही. फोन बराच काळ वापरला नाही, तर साठवलेली प्रत पुसली जाण्याचाही संभव असतो.

आयफोनची पद्धत

आयफोनमध्ये राखीव प्रत दोन ठिकाणी ठेवता येते: अ‍ॅपल कंपनीच्या ‘आयक्लाउड’ या दूरस्थ कोठारात किंवा घरच्या संगणकावर. आयक्लाउडमध्ये ५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. तेथील प्रतीत अ‍ॅपची माहिती असते, आज्ञावली नसते. ती अ‍ॅप स्टोअरमधून पुन्हा आणली जाते. संगणकावरील प्रत पासवर्ड लावून सांकेतिक स्वरूपात ठेवली, तर तीत फोनमध्ये जतन केलेले पासवर्ड व आरोग्यविषयक नोंदीही समाविष्ट होतात. साध्या प्रतीत त्या येत नाहीत.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. आयफोनमध्ये राखीव प्रतीतून एकाच अ‍ॅपची माहिती वेगळी काढता येत नाही. संपूर्ण फोन त्या प्रतीवरून नव्याने भरावा लागतो. म्हणून एखादे अ‍ॅप काढून टाकले, तर त्याबरोबर फोनवरील त्याची माहितीही जाते. मात्र २०१७ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून केवळ आज्ञावली काढून माहिती जागीच ठेवण्याचा पर्याय मिळाला आहे. जागा कमी पडत असेल, तेव्हा हाच पर्याय श्रेयस्कर होय.

एका प्रणालीतून दुसरीत

अँड्रॉइडची आज्ञावली आयफोनवर चालत नाही व आयफोनची अँड्रॉइडवर चालत नाही. अशा स्थलांतरात प्रत्येक अ‍ॅप नव्याने घ्यावे लागते. एका दुकानात मोजलेली किंमत दुसऱ्या दुकानात सहसा ग्राह्य धरली जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे उदाहरण बोधप्रद आहे. अँड्रॉइडवर त्याची प्रत गूगलच्या खात्यात जाते, तर आयफोनवर ती आयक्लाउडमध्ये जाते, आणि एका बाजूची प्रत दुसरीकडे वाचता येत नाही. २०२१ व २०२२ साली दोन्ही दिशांनी संभाषणे नेण्याच्या सोयी झाल्या. परंतु त्यांसाठी जुना फोन चालू अवस्थेत जवळ असावा लागतो. फोन बिघडल्यानंतर त्यांचा उपयोग नाही.

प्रत असूनही जे परत येत नाही

बँकांची व पैसे पाठवण्याची अ‍ॅप आपली गुप्त माहिती सुरक्षिततेसाठी राखीव प्रतीत जाऊ देत नाहीत. यूपीआयचे अ‍ॅप नव्या फोनवर घेतल्यास बँकेत नोंदवलेल्या सिमवरून संदेश पाठवून पुन्हा नोंदणी करावी लागते. यास्तव फोनबरोबर सिमही हरवले असेल, तर प्रथम त्याच क्रमांकाचे सिम मिळवणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण काळाची आहे. आयफोनच्या अकराव्या आवृत्तीने ३२ बिट पद्धतीची जुनी अ‍ॅप चालवणे बंद केले. विंडोज फोन ८.१ साठीचे अ‍ॅपचे दुकान १६ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. अशा वेळी जमाखर्चाची नक्कल शाबूत असते, परंतु ती ज्या वहीत उतरवायची ती वहीच मिळेनाशी होते. म्हणून महत्त्वाची टिपणे, छायाचित्रे व हिशेब कोणत्याही संगणकावर उघडतील अशा साध्या फाइलच्या रूपातही काढून ठेवणे हिताचे असते.

एक सोपा प्रयोग

राखीव प्रत खरोखर आहे की नाही, याची परीक्षा फोन हरवण्यापूर्वीच घेता येते. प्रथम फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी. नंतर विशेष महत्त्वाचे नसलेले एखादे अ‍ॅप निवडून त्यात एक ओळ लिहावी, बॅकअप होऊ द्यावा, अ‍ॅप काढून टाकावे आणि पुन्हा स्थापन करावे. लिहिलेली ओळ दिसली, तर त्या अ‍ॅपची माहिती कोठेतरी दुसरीकडेही जपली जात आहे. ती दिसली नाही, तर त्या अ‍ॅपच्या माहितीसाठी निराळी व्यवस्था करावी लागेल.

जुना फोन विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्यास देण्यापूर्वी नव्या फोनवरील प्रत्येक महत्त्वाचे अ‍ॅप उघडून तपासावे, आणि त्यानंतरच जुना फोन पुसावा. या क्रमात उलटापालट झाली, तर मुलांच्या बालपणीची छायाचित्रे किंवा वर्षानुवर्षांची टिपणे एका क्षणात नाहीशी होऊ शकतात, आणि ती कोणत्याही दुकानात पुन्हा विकत मिळत नाहीत.