अंगणातला ससा आणि खानदेशी थंडी : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा 10 अंशांखाली उतरतो, एखाद्या वर्षी 6 च्या आसपासही जातो. जळगावातही पहाटे हुडहुडी भरते. दुपारी मात्र दोन्हीकडे 28-30 अंशांचं ऊन. धडधाकट मोठा ससा कोरडी थंडी अंगावरच्या केसांवर निभावून नेतो. त्याला बाधते ती ओल, थेट लागणारा वारा आणि दुपारचा कोंडमारा. म्हणून ऊब विकत घेण्यापेक्षा कोरडी जागा आणि चारा यांवर खर्च करा. पिंजरा आधीच आहे असं धरून, दोन किलोच्या एका सशाचं हे ढोबळ अंदाजपत्रक. दुकानागणिक भाव बदलतील.

आडोसा : एकदाच 500 रुपये
पिंजरा विटांवर वीतभर उचला. तीन बाजूंना बारदान लावा, समोरची बाजू मोकळी ठेवा. वर ताडपत्रीचा तुकडा टाका, दव आणि अवकाळी पाऊस अडतो. झोपायला फळांचं लाकडी खोकं द्या, पण खिळे आधी काढा. बारदान सकाळी गुंडाळायचं, सांजेला सोडायचं. दिवसभर तसंच ठेवलं तर लघवीचा उग्र वास आत कोंडतो आणि सशाचं नाक वाहू लागतं. सुटलेल्या सुतळ्या कापून टाका, ससा त्या चघळतो.

चारा आणि अंथरूण : महिना 800 रुपये
- सुकं गवत, 3-4 किलो : 250 रुपये. मुख्य अन्न हेच. मारवेल मिळालं तर उत्तम. डोंगरी गवतात कुसळं असतील तर घेऊ नका, ती तोंडात नि डोळ्यांत रुततात. ज्वारीचे कोवळे हिरवे धांडे विषारी ठरू शकतात.
- सशाचं गोळी खाद्य, रोज 50 ग्रॅम, म्हणजे दीड किलो : 300 रुपये.
- कोथिंबीर, मुळ्याचा पाला : 150 रुपये. केळी घरची असली तरी नखाएवढा काप पुरे.
- अंथरायला कोरडं काड : 100 रुपये. ओलं झालेलं रोज काढा. कापूस अंथरू नका, पोटात गेला तर आतडं तुंबतं.

बल्ब : शक्यतो नकोच
60 वॉटचा बल्ब रोज 10 तास लावला तर महिन्याला 18 युनिट जळतात. वायर कुरतडली तर शॉक, काड पेटलं तर आग. पिल्लं, म्हातारा किंवा आजारी ससा रात्री घरात घ्या, त्याला खर्च नाही.

दवाखाना : 1000 रुपये बाजूला ठेवा
10-12 तास खाणं बंद, लेंड्याही बंद, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सशावर उपचार करणारे डॉक्टर मोजकेच असतात, तेव्हा फोन करून आधीच विचारून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं. कानात किंवा नाकावर खपल्या दिसल्या तर ती खरूज समजा आणि दाखवा. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल सशाला लावू नका, जिवावर बेतू शकतं.

एकूण : पहिल्या महिन्याला 1300, पुढे 800 रुपये. हात आखडता घ्यायचाच असेल तर गोळी खाद्य हळूहळू निम्म्यावर आणा आणि गवत वाढवा. गवतात मात्र काटकसर नको.