काउंटरवर बसणाऱ्या पुतण्याला

औरंगपुऱ्यातलं मेडिकल आता तू सांभाळणार, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. "सुजेची गोळी द्या" म्हणत कुणी आलं की पहिल्यांदा विचारायचं, शुगर आहे का? हो म्हणाला की हात आवर. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी गुडघ्याची सूज उतरते, पण आधीच शुगरने पोखरलेली किडनी त्यांनी जास्त बिघडते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी मोकळी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि या गोळ्या तेच बनू देत नाहीत. जोडीला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असेल, तर तिन्ही मिळून किडनी अचानक बसू शकते. त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. वाळूजला शिफ्ट करून आलेल्या कामगाराच्या अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं.

चिकनगुनियानंतर तर फार जप. सांधे महिनोन् महिने दुखतात आणि माणसं जुनी चिठ्ठी दाखवून पाकिटामागून पाकीट नेतात. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, हा कायदा आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत बरं. लावायचं जेल अंगात फार कमी शोषलं जातं, तरी डॉक्टरांना विचारूनच. मात्र हृदयासाठी दिलेली 75 मिलीग्रॅमची ॲस्पिरिन आपल्या सांगण्यावरून कुणी बंद करता कामा नये.

मग कुणीतरी विचारतंच, "किडनीत सूज आहे असं डॉक्टरच म्हणाले, मग सुजेची गोळी का देत नाही?" शांतपणे समजावून सांग. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने किडनीच्या आत जो दाह चालतो, तो दुखत नाही. हळूहळू तिथे व्रण धरतो. दुखण्याची गोळी त्याच्यावर चालत नाही. या दाहावरच घाव घालायला बार्डोक्सोलोन नावाचं औषध आलं होतं. तपासणीतले आकडे सुधारायचे, पण हृदयावर ताण येऊ लागला आणि 2012 साली त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. नुसत्या रिपोर्टवर हुरळून जायचं नाही, हे मी तेव्हापासून मानतो.

टिकलं ते फिनेरेनोन. दाह आणि व्रण वाढवणारी एक कळ ते दाबून धरतं. 2020 मध्ये आलेल्या फिडेलिओ चाचणीत सुमारे 5,700 रुग्ण होते. किडनी निकामी होणं, तिचं काम 40 टक्क्यांनी घसरणं किंवा त्यापायी मृत्यू, हे डमी गोळीवाल्यांत 21.1 टक्क्यांना झालं, औषधवाल्यांत 17.8 टक्क्यांना. म्हणून "बरी होईल" असं कुणाला सांगू नकोस, "घसरण मंदावते" एवढंच सांग. तेवढंही घरच्यांना फार असतं, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही गोळी देताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. तिने रक्तातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून सुरू केल्यावर चार आठवड्यांनी तपासणी हवीच. पोटॅशियम वाढलेल्याला शहाळं, मोसंबीचा रस नको. आजाऱ्याला भेटायला जाताना जालन्याची मोसंबी नेणारे आपण, पण इथे ती महागात पडेल. 'लो सोडियम' मिठाचा पुडाही देऊ नकोस, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. दुसरं, गजकर्णासाठी इट्राकोनाझोल. सध्या उठसूट लिहिलं जातं, पण फिनेरेनोनबरोबर ते चालत नाही. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र पाहणारा बहुतेक वेळा फक्त तूच असतोस. तिथल्या तिथे फोन लाव.

पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला सांग. किडनी जपणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये सुटलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 मध्ये. भाव खूप उतरले. उलट्या-जुलाब लागले की या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि बीपीच्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं.

आणि शुगरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करायला लाव. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलीग्रॅमच्या वर आकडा गेला की त्याला डॉक्टरांकडे पाठव, पायावर सूज यायची वाट बघू नकोस.