लहान मुलाच्या ताटात किती वाढायचं?

मूल नीट जेवलं की नाही, हे आपल्या घरांत ताट रिकामं झालं का यावरून ठरतं. ते ताट कुणी आणि किती भरलं होतं, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. दीड वर्षाच्या मुलापुढे मोठ्यांच्या अंदाजाने डावभर भात वाढला, तर ते अर्ध्यावर थांबणारच. मग मोबाइल लागतो, चिऊ-काऊचे घास होतात, "एवढा शेवटचा" म्हणत आणखी चार जातात आणि जेवण रडण्यावर संपतं. हे बहुतेक टाळता येतं. त्यासाठी वजनकाटा नको. एक ठरलेली वाटी, एक चमचा आणि आठवडाभर शांतपणे बघत राहायची तयारी पुरते.

आधी वाटी मोजून घ्या

मुलासाठी एक वाटी नेमा आणि रोज तीच वापरा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या आणि ते पाणी या वाटीने मोजा. आमटी वाढताना जितकी भरता तितकीच वाटी भरायची. चार वाट्या झाल्या तर वाटी 125 मिलिलिटरची, पाच झाल्या तर 100ची. घरातल्या स्टीलच्या वाट्या वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांच्या मापात बराच फरक निघतो. डॉक्टर किंवा अंगणवाडीताई "एक वाटी दे" म्हणतात तेव्हा ती कोणती, हे या पाच मिनिटांच्या कामातून कळतं. चमच्याचंही तसंच. औषधाच्या बाटलीवर खुणांचं झाकण असतं, त्याने बघा. यापुढे मोठा चमचा म्हणेन तो 15 मिलिलिटरचा आणि चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा.

वयाप्रमाणे सुरुवातीचं माप

बाळाला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की एका वेळेला दोन-तीन मोठ्या चमच्यांनी सुरुवात करा. जागतिक आरोग्य संघटनेचं माप 250 मिलिलिटरच्या वाटीचं आहे. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू वाढवत तिच्या निम्म्यापर्यंत यायचं, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांतही निम्मी वाटीच, पण तीन-चार वेळा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा काही खाऊ. अंगावरचं दूध पिणाऱ्या मुलांसाठीचं हे माप आहे. दूध सुटलं असेल तर दिवसातलं एखादं जेवण वाढवावं लागतं.

तुमची वाटी 125 मिलिलिटरची असेल, तर वर्षाच्या आत एका जेवणाला एक वाटी आणि वर्षानंतर दीड ते दोन वाट्या. यात भात, वरण, भाजी, कुस्करलेली पोळी असं सगळं आलं. बऱ्याच घरांत हे माप नुसत्या भाताचं समजलं जातं आणि वरण-भाजी त्यावर वेगळी चढते.

घट्टपणा मापाआधी

या मुद्द्यावर मी आग्रही आहे. मुलाचं पोट दर किलो वजनाला साधारण 30 मिलिलिटर, म्हणजे आठ किलोच्या बाळाचं सुमारे 240 मिलिलिटर. त्या एवढ्याशा जागेत भाताची पेज किंवा डाळीचं वरचं पाणी भरलं, तर पोट तुडुंब होतं आणि अंगाला जवळजवळ काहीच लागत नाही. आईला वाटतं, वाटीभर जेवलं. वजन मात्र हलत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यामागे आजारपणं, आईचं स्वतःचं कुपोषण, हाताशी काम आणि पैसा नसणं अशी बरीच कारणं आहेत, पण वाटीतलं अन्न पातळ असणं हे घरच्या घरी बदलता येण्यासारखं कारण आहे. म्हणून "कमी वाढा" हा सल्ला "कमी द्या" असा कुणी घेऊ नये.

परीक्षा सोपी आहे. चमच्यात घास घ्या आणि चमचा थोडा तिरपा करा. घास ओघळून गेला तर तो पातळ आहे. वरण वरचं न घेता तळातलं, घोटलेलं घ्या. त्यात चहाचा चमचाभर तूप घाला, तेवढ्याने माप न वाढता 40 किलोकॅलरी वाढतात. खिमटात डाळीचं प्रमाण वाढवा, नाचणीचं सत्त्व घट्ट शिजवा, अंडं, कुस्करलेलं कडधान्य किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट यांतलं काहीतरी रोज जाऊ द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात.

दोन ते पाच वर्षं: वर्षाला एक चमचा

मूल घरचं सगळं जेवायला लागलं, की वाटीच्या मापापेक्षा चमच्याचा हिशेब सोयीचा. प्रत्येक पदार्थ, वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा. तीन वर्षांच्या मुलीच्या ताटात तीन चमचे भात, तीन चमचे घट्ट वरण, तीन चमचे भाजी आणि पाव पोळी किंवा भाकरीचा तेवढाच तुकडा. मोठ्यांच्या मोठ्या ताटात हे फारच केविलवाणं दिसतं. आजींना तर ते बघवतच नाही. म्हणून मुलाचं ताट लहान घ्या, एखादी खोलगट ताटली चांगली.

हा आकडा पहिल्या वाढपाचा आहे. त्यावर थांबायचं नाही. मुलीने मागितलं की पुन्हा तेवढंच वाढा, तिसऱ्यांदा मागितलं तर तिसऱ्यांदाही. भूक असेल त्या दिवशी तीन वर्षांचं मूल अख्खी पोळी संपवतं, आणि ती संपवू द्यावी.

जेवणाआधीचे दोन तास

वाढायच्या आधी मागे वळून बघा. बारा वाजता कपभर दूध झालं असेल आणि साडेबाराला ताट मांडलं, तर दहा किलोच्या मुलाच्या 300 मिलिलिटरच्या पोटातली 200 मिलिलिटर जागा आधीच गेली. मूल "जेवत नाही" म्हणून पुन्हा दूध दिलं जातं आणि हेच चक्र संध्याकाळी फिरतं. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला 400 ते 500 मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त दुधाने भूक मरतेच, शिवाय दुधात लोह जवळजवळ नसल्याने रक्तही कमी होऊ शकतं. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि त्या वेळात फक्त पाणी. हातात दिलेलं एक बिस्किटही खाणंच असतं.

थांबायचं कधी

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी मला फार पटते. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. काय हवं ते मुलाला विचारलं जातं आणि किती ते आई ठरवते.

भुकेलेलं मूल चमच्याकडे झुकतं, तोंड उघडतं, ताट ओढतं. पोट भरत आलं की घास रेंगाळतात, मान वळते, तोंड मिटतं, घास बाहेर येतो, भाताशी खेळ सुरू होतो. बोलता येणारं मूल "पुरे" म्हणतं. मान पहिल्यांदा वळली की क्षणभर थांबा, पाण्याचा घोट द्या, एकदाच पुन्हा विचारा. पुन्हा वळली तर ताट उचला. वीस मिनिटं पुरेशी आहेत, अर्ध्या तासापलीकडे जेवण लांबवू नका. समोर मोबाइल किंवा टीव्ही असेल तर या खुणा दिसतच नाहीत, कारण मुलाचं स्वतःच्याच पोटाकडे लक्ष नसतं.

उरलेल्याचं वाईट वाटतं, हे खरं. अन्न टाकू नये हा आपला संस्कार आहे आणि तो चांगला आहे. तो मुलाच्या घशाऐवजी वाढणाऱ्याच्या हाताला लावावा. कमी वाढलं की कमी उरतं.

एका जेवणावरून निष्कर्ष नको

लिअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणातला आहार खूप वरखाली होत होता, पण दिवसाची एकूण बेरीज बरीच स्थिर राहिली. सकाळी कमी खाल्लेलं मूल पुढे भरून काढत होतं. तेव्हा सात दिवस एका कागदावर लिहा: वेळ, काय, साधारण किती चमचे, मागून घेतलं का, मध्ये दूध किती. आठवड्याच्या शेवटी तो कागद वाचा. बहुतेकांना दोनच गोष्टी दिसतात. एक तर मूल समजत होतो त्यापेक्षा बरंच खातंय, किंवा भूक दुधात आणि बिस्किटांत चाललीय. एखाद्या वेळेचं ताट रोज पूर्ण संपून वर मागणी येत असेल तर त्या वेळेचं पहिलं वाढप एक चमच्याने वाढवा. रोज उरत असेल तर कमी करा.

पहिल्या वाढदिवसानंतर भूक खाली येते, तेही लक्षात ठेवा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम अडीच किलोंनी वाढतं आणि पुढे वर्षाला सुमारे दोन किलोंनी. वाढच मंदावली की भूकही मंदावते.

पाचव्या वर्षाच्या आसपास दुसरी काळजी सुरू होते. बार्बरा रोल्स यांच्या 2000 सालच्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना जास्त वाढलं तरी ती जवळपास तेवढंच खात होती, पाच वर्षांची मात्र जास्त वाढल्यावर जास्त खात होती. पोटाचं ऐकायची सवय तोवर मागे पडू लागते. म्हणून चार वर्षांच्या मुलाला लहान चमचा देऊन स्वतः वाढून घेऊ द्या. थोडं सांडेल. वेफर, फरसाण, श्रीखंड यांचं माप मात्र तुमच्याच हाती ठेवा. पुडा किंवा डबा समोर न ठेवता ताटलीत काढून द्या.

डॉक्टरांकडे कधी

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ते नोंदवून घ्या. वजनाची रेषा तिच्या नेहमीच्या वळणाने वर जात असेल तर माप बरोबर आहे, शेजारचा मुलगा दुप्पट जेवत असला तरी. रेषा आडवी पडली, खाली वळली, मूल घास गिळताना सारखं ठसकू लागलं, मोजून दोन-तीनच पदार्थ खाऊ लागलं किंवा खेळायचं सोडून पडून राहू लागलं, तर वाट बघू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

तापात किंवा जुलाबात हे माप बाजूला ठेवा. थोडं थोडं, वरचेवर, मुलाच्या आवडीचं मऊ द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, जुलाबात जलसंजीवनी द्या. बरं वाटल्यावर भूक जोरात परत येते. तेव्हा किमान दोन आठवडे रोज एक जास्तीचं जेवण द्या. वाटी तीच राहू द्या, वेळ एक वाढवा.